युजीन सरांच्या नावाचा अर्थ

गेल्या थंडीत शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी एक निरोप आला. 'आपल्या शाळेचे निवृत्त शिक्षक श्री. रामटेके सर यांचे काल हृदयविकाराने निधन झाले.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मधेच कुणीतरी विचारलं, 'कोणते रामटेके? ऑफिसातले की मराठीचे?' लगेच उत्तर आलं, 'अरे, कुलीन सर.'

मग पुन्हा जोडलेले हात.

ते नाव मी ठेवलेलं आहे. ग्रुपवर शंभरावर माणसं आहेत, त्यांतल्या एकालाही हे माहीत नाही. फक्त एका माणसाला माहीत होतं आणि हा निरोप त्याच्याच जाण्याचा होता. मी फोन पालथा ठेवला आणि दुपारपर्यंत उचलला नाही. मी हात जोडले नाहीत.

आमची शाळा शहराच्या कडेला वाडी भागात, अमरावती रोडपासून जरा आत. आजूबाजूला ट्रान्सपोर्टची गोदामं. मुलं ड्रायव्हरांची, हमालांची, गोदामात मालाच्या बिल्ट्या लिहिणाऱ्यांची. खिडकीखालून दिवसभर ट्रक जायचे आणि हॉर्न वाजला की शिकवणं बुडायचं. आम्ही सगळे त्यावर ओरडायचो. रामटेके सर मात्र थांबायचे. वाक्याच्या मधेच नाही, शब्दाच्याही मधे. 'उत्प्रे' म्हणून खडू हवेत धरून ते उभे राहायचे आणि ट्रक वळणापलीकडे गेला की शांतपणे 'क्षा' म्हणायचे. त्यांचा आणि माझा वर्ग लागून, मधे नुसतं प्लायवुड. मी अलीकडे विज्ञान शिकवता शिकवता त्या 'क्षा'ची वाट बघायची.

उंच, सडपातळ माणूस. बाहेर सोडलेला पांढरा बुशशर्ट, खिशात एक लाल पेन, एक हिरवं. चुकीवर लाल, चांगल्या वाक्याखाली हिरवं. वर्गात ते पुस्तकातली मराठी बोलत आणि स्टाफरूमच्या उंबऱ्याशी ती काढून ठेवत. मी नवीन असताना त्यांना त्याबद्दल विचारलं होतं.

"घरातली चप्पल न् बाहेरची चप्पल नसते का मॅडम? तसं हाय ते," ते म्हणाले. "तुमच्याशी बाहेरची घालून बोलू का?"

"नको, नको."

"मंग बसा. चहा घ्या."

दरवर्षी नव्या वर्गावर त्यांचा पहिला तास ठरलेला असे. फळ्यावर सुरेख अक्षरात पूर्ण नाव लिहायचे, युजीन भीमराव रामटेके. मग वर्गाकडे वळून म्हणायचे, "आज यमक शिकू. माझ्या नावाला यमक सांगा."

मुलं आधी दबकत. मग कुणी म्हणे मशीन. कुणी जमीन. शिलाई मशीन, वजनाचं मशीन वेगळं धरायचं का, यावर वाद होई. केरोसीन, व्हॅसलीन, शौकीन, नमकीन. सर सगळं फळ्यावर लिहीत. एका वर्षी मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला, "कमीन." वर्ग एकदम चिडीचूप. प्लायवुडच्या अलीकडे माझाही वर्ग चूप झाला.

सरांचा आवाज आला, "यमक बरोबर आहे. मूळ शब्द 'कमीना'. आपण यमकासाठी 'ना' कापला. त्यामुळे अर्धा मार्क."

वर्ग फुटला. हशा ओसरल्यावर ते म्हणाले, "झाली सगळी? अजून कुणाकडे आहे? नाही? म्हणजे आता वर्षभर मला ठेवायला एकही नाव उरलं नाही. पान पाच काढा."

आणि खरंच, आमच्या शाळेत प्रत्येक शिक्षकाला मुलांनी ठेवलेलं नाव होतं. मला 'परखनळी' म्हणत. सरांना मात्र नव्हतं.

युजीन हे नाव त्यांना कसं मिळालं, हे त्यांनी एकदा डबा खाताना सांगितलं. त्यांची आई एका मिशनच्या दवाखान्यात आया होती. या मुलाच्या वेळी बाळंतपण अडलं. दवाखान्यातला परदेशी डॉक्टर दोन दिवस जागचा हलला नाही. दोघंही वाचली तेव्हा आईने त्याला विचारलं, "डॉक्टरसाहेब, तुमचं नाव काय? आडनाव नोको, घरचं नाव सांगा."

"वडील म्हणत होते, राहुल ठेवू," सर म्हणाले. "छप्पनमध्ये दीक्षा घेतलेलं आमचं घर. मोठा भाऊ गौतम, धाकटी बहीण सुजाता. मधात मी, युजीन! आजीले तं शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. 'उजिन्या' म्हणे. पण मायचा हट्ट. म्हणे, ज्यानं जीव देला त्याचंच नाव चालंन."

"लोक ख्रिश्चन समजत असतील," मी म्हटलं.

"हो ना. भाड्यानं खोली पाहाले गेलो का, नाव सांगतलं तं ख्रिश्चन समजत. आडनाव सांगतलं तं..." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मंग खोली आधीच देऊन झालेली राहे."

ते हसले आणि आम्हीही हसलो. त्या खोल्या मी राहते त्या प्रताप नगरासारख्या वस्त्यांतल्या असणार, हे माझ्या मनात आलं. मी ते बोलले नाही.

पुढच्याच वर्षी माझ्या आईचं पोटाचं ऑपरेशन झालं. मी अठरा दिवस शाळेत नव्हते. माझे तास सरांनी मागून घेतले. रात्री घरी विज्ञानाचं पुस्तक वाचायचे आणि सकाळी ते कवितेत घालून शिकवायचे. मी परत आले तर अख्खा वर्ग एका सुरात म्हणत होता,

पान घेई ऊन, पाणी, हवेतला वायू खाई,
साखर ठेवी स्वतःपाशी, प्राणवायू देऊन जाई.

वार्षिक परीक्षेत निम्म्या मुलांनी हेच लिहिलं आणि मी पूर्ण गुण दिले.

त्या दिवसांत एक दिवसाआड सर मोपेडवरून दवाखान्यात यायचे. पातळ मुगाचं वरण आणि मऊ भात, त्यांच्या बायकोने केलेला. डबा नर्सकडे देऊन खालूनच जायचे. आईला दवाखान्याचं जेवण जात नव्हतं, हे मात्र ती चाटूनपुसून खाई. एकदा म्हणाली, "कोण गं हे, डबा पाठवतात?"

"आमचे युजीन सर."

"ख्रिश्चन का?"

मी "हो" म्हटलं.

का म्हटलं, ते मला तेव्हाही माहीत होतं. आईने सोवळंओवळं सोडून जमाना झाला होता, असं आम्ही सगळे म्हणत असू. तरीही मी ते आडनाव तिच्या ताटाजवळ नेलं नाही. पहिली गोष्ट ही झाली. हिची शिक्षा कुणी देणार नव्हतं, म्हणून मी ती विसरूनही गेले.

नावाचा अर्थ शोधायचं त्यांनीच काढलं. शनिवारची शाळा सुटली होती, स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. त्यांच्या फोनमध्ये तेव्हा इंटरनेट नव्हतं. ते म्हणाले, "मॅडम, आयुष्यभर दुसऱ्याच्या शब्दाचे अर्थ सांगून राहिलो. स्वतःच्या नावाचा काही माहीत नाही. पाहा बरं, तुमच्या फोनात सापडते का."

मी शोधलं. नाव ग्रीक होतं. 'यू' म्हणजे चांगलं, पुढचा शब्द जन्माचा. चांगल्या कुळात जन्मलेला. मी वाचून दाखवलं आणि एका शब्दात म्हटलं, "कुलीन."

सरांनी हिरवं पेन काढून रद्दी कागदावर लिहिलं, 'यू, सु. जीन, जन, जात.' बराच वेळ त्याकडे पाहत राहिले आणि एकदम मांडीवर थाप मारली.

"अहो मॅडम! 'सु' म्हणजे चांगलं, 'जात' म्हणजे जन्मलेली. सुजाता! माह्या बहिणीचं न् माहं एकच नाव हाय! मायनं दोन लेकरायले एकच नाव ठेवलं न् तिले पत्ता नाही!"

इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. डोळे पुसत ते म्हणाले, "आज जाऊन सांगतो तिले." दाराशी गेल्यावर वळले. "हे आपल्यातच ठेवा मॅडम. सुजाताले कोणी हसत नाही. मले हसतीन."

"छे, मी कशाला सांगू?"

सोमवारी मी विचारलं, "आई काय म्हणाल्या?"

"माय भाजी निवडत होती," ते म्हणाले. "मी म्हटलं, माय वं, माह्या नावाचा अर्थ सापडला. चांगल्या घरात जन्मलेला. तं वरसुद्धा पाह्यलं नाही तिनं. म्हणे, 'मंग? खोटं हाय का?'"

हे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले, दिवसभर, फक्त मला. "खोटं हाय का म्हणे!"

दोन महिन्यांनी स्नेहसंमेलन झालं. मुलांचा कार्यक्रम संपला की दुसऱ्या दिवशी शिक्षकांचं वेगळं जमायचं, त्यात फिशपाँड असत. नाव न घालता चिठ्ठीवर दोन ओळी यमकात लिहायच्या, डब्यात टाकायच्या. कुणीतरी त्या माईकवर वाचतं आणि ज्याच्यावर लिहिलं त्याने पुढे येऊन चिठ्ठी घ्यायची. माझे फिशपाँड चांगले असतात, असं सगळे म्हणत. त्या वर्षी मी सहा लिहिले. पाच आता आठवत नाहीत.

आडनाव रामटेके, पण नाव यांचं युजीन,
ग्रीक भाषेत अर्थ त्याचा, घराण्याने कुलीन!

लिहिताना मला त्यांचं 'आपल्यातच ठेवा' आठवलं नाही, असं मी सांगू शकले असते. ते आठवलं होतं. पण ओळी जमल्या होत्या. 'सुजात' यमकात बसत नव्हतं, 'कुलीन' बसत होतं.

माईकवर वाचणाऱ्याने दुसरी ओळ दोनदा वाचली. हॉलमध्ये क्षणभर कुणीच हसलं नाही. माणसांनी एकमेकांकडे पाहून घेतलं, हसायचं ना, असं विचारून, आणि मग सगळे मोकळे झाले. मागून कुणी ओरडलं, "सर, आता सर्टिफिकेट बदलून घ्या!" त्यावर आणखी मोठा हशा. ऑफिसातले रामटेके बाबू तेवढे हातातल्या चहाकडे पाहत बसले होते.

मी हसत होते. ओळी माझ्या होत्या आणि लोक हसत होते, म्हणून मीही हसत होते.

सर उठले, सावकाश पुढे गेले, चिठ्ठी घेतली. स्वतः एकदा वाचली. घडी करून खिशात दोन पेनांच्या मागे ठेवली. माईक घेऊन म्हणाले, "यमक उत्तम आहे. कवीचे अभिनंदन."

पुस्तकातल्या मराठीत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, "काय कुलीन सर, चहा?" आठवड्याभरात ते नाव रुळलं. नंतर तर नव्याने आलेल्या शिक्षकांना त्यामागची गोष्टही माहीत नसे. मुलांपर्यंत ते कसं गेलं कुणास ठाऊक, पण गेलं. सातवीतल्या एका मुलीने रजेचा अर्ज आणला, त्यावर भाबडेपणाने लिहिलं होतं, 'मा. कूलिन सर यांस'. तिला ते त्यांचं नावच वाटत होतं. मी तिथेच वह्या तपासत होते. सरांनी लाल पेन काढलं. 'कू'चा उकार ऱ्हस्व केला, 'लि'ची वेलांटी दीर्घ केली, खाली सही करून अर्ज परत दिला. "शुद्ध लिहावं, बेटा," म्हणाले.

ती सहीही बदलली होती. मस्टरवर माझं नाव त्यांच्या खाली असे, म्हणून मला रोज दिसायची. संमेलनापर्यंत प्रत्येक दिवसाच्या चौकटीत बारीक, वळणदार 'युजीन' आहे. त्यानंतर नुसतं 'रामटेके'. जूनमध्ये नवा वर्ग आला. मी प्लायवुडच्या अलीकडे खडू हातात घेऊन थांबले होते. पलीकडून आवाज आला, "पान पाच काढा." यमक नाही, हशा नाही.

माझ्याशी ते वाईट वागले असते तर बरं झालं असतं. ते नीट वागत. 'नमस्कार मॅडम', 'आपला तास आहे का', 'धन्यवाद'. बाहेरची चप्पल घालून. नऊ वर्षं आम्ही शेजारच्या वर्गांत शिकवलं आणि त्यांच्या तोंडून मी 'मले', 'तुले' पुन्हा ऐकलं नाही. इतरांशी ते तसं बोलत. मी आत आले की वाक्य बदलत.

तेव्हा मला कळायला हवं होतं. कळतही होतं. पण मनाला मी समजावायची, की चिठ्ठीवर नाव नव्हतं, त्यांना कुठून कळणार. तो अर्थ शाळेत माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हता, ही गोष्ट मी त्या हिशेबात धरत नसे. किती वेळा ठरवलं, आज बोलू. मधल्या सुट्टीत उठायची आणि पाणी पिऊन परत यायची. निरोप समारंभाच्या दिवशी मानपत्र मीच वाचलं. त्यात 'श्री. युजीन रामटेके' असं तीनदा होतं. तिसऱ्यांदा वाचताना मागच्या रांगेत कुणीतरी 'कुलीन' म्हणालं आणि हलकं हसू फिरलं. सर समोर बघत होते.

ते निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी मी त्यांच्या घरी गेले. आधी फोन केला नाही, कारण फोनवर ते 'कशाला त्रास' म्हणाले असते. गल्लीत सिमेंट रोडचं काम निघालं होतं, अख्खा रस्ता उकरलेला. दारात सरच होते, कुंडीतल्या तुळशीचे वाळलेले तुरे खुडत.

"या, या मॅडम. आपण इकडे कशा?"

आत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती आणि शेजारी एका म्हाताऱ्या बाईचा फोटो, हार घातलेला. डोळे बारीक करून कॅमेऱ्याकडे बघणारी. "आई," ते म्हणाले. "मागच्या वर्षी गेली." सरांच्या बायकोने पाणी आणलं आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या. मी पेला हातात धरला आणि पिण्याआधीच बोलून टाकलं, नाहीतर मी पुन्हा नुसतं पाणी पिऊन परतले असते.

"सर, तो फिशपाँड मी लिहिला होता."

"माहीत आहे."

"केव्हापासून?"

"वाचला तेव्हापासून. अर्थ आपल्यालाच ठाऊक होता."

"मग तुम्ही मला काहीच बोलला नाहीत."

बाहेर खोदकामाचं मशीन घरघरत होतं, सर ते थांबण्याची वाट पाहत राहिले. थांबल्यावर म्हणाले, "अर्थ खोटा नव्हता. यमकबी चांगलं होतं. एक विचारू का मॅडम?"

"विचारा ना."

"'पण' काहून टाकला?"

मला आधी कळलंच नाही. मग ओळ आठवली. आडनाव रामटेके, पण. मी म्हटलं, "मात्रा भरायला, सर. ओळ तोकडी पडत होती."

गृहपाठ घरी राहिला म्हणणाऱ्या पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं थांबून.

"'अन्' टाकला असता तरी भरली असती. 'पण'च्या दोन मात्रा, 'अन्'च्याबी दोनच." त्यांनी बोटावर मोजून दाखवलं. "आडनाव रामटेके, अन् नाव यांचं युजीन. म्हणून पाहा. जमते का नाही?"

मी मनात म्हणून पाहिलं. जमत होतं.

"बाकीचे हसले, त्यायचं काही नाही," ते म्हणाले. "त्यायले हसाले 'पण' लागत नाही. तुम्हाले कसा काय लागला, ह्याच्यावर मी लई दिवस विचार केला."

माझ्याकडे उत्तर होतं, दवाखान्यातल्या डब्याइतकं जुनं, पण ते त्यांच्यासमोर उघडण्याची माझी हिंमत झाली नाही. मी म्हटलं, "सर, मला माफ..."

"आईची तब्येत कशी हाय आता?" त्यांनी विचारलं. "पोटाचा त्रास तं नाही ना पुन्हा?"

"बरी आहे."

"बरं झालं. चहा घ्या."

चहा झाला. त्यांनी शाळेतल्या एकेकाची विचारपूस केली. त्यांच्या बायकोने दारातल्या पेरूंची पिशवी बांधून दिली. माफ केलं की नाही, हे ते बोलले नाहीत आणि मला पुन्हा विचारता आलं नाही. ते 'घरातल्या' मराठीत बोलत होते एवढं मला दिसत होतं. पण स्वतःच्या घरात ते दुसऱ्या कशात बोलणार होते?

निघताना ते गल्लीच्या तोंडापर्यंत आले. उकरलेल्या रस्त्यावर एक लाकडी फळी टाकली होती, मी येताना स्कूटर तिच्यावरून कशीबशी ढकलत आणली होती. फळी हलायची. सर पुढे झाले, चप्पल चिखलात रुतवून एक पाय फळीच्या टोकावर घट्ट दाबून उभे राहिले.

"या आता. भेऊ नका, धरून राहिलो मी."

मी पलीकडे गेले. स्कूटर सुरू केली, म्हटलं, "येते सर." त्यांनी हात केला. वळणावर आरशात पाहिलं तर ते अजून तसेच उभे होते, एक पाय फळीवर. गल्लीच्या आतून एक बाई पाण्याची कॅन घेऊन येत होती, तिच्यासाठी ते ती फळी दाबून धरत होते, आणि माझ्याकडे त्यांची पाठ होती.